तिजोरीच्या खोलीला थम बसवला तेव्हा

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या शाखेतल्या आतल्या खोलीची किल्ली हरवली. तिजोरीची नव्हे, तिजोरी ज्या खोलीत आहे त्या खोलीची. चौथ्या दिवशी ती रोखपाल आप्पांच्या मोटारसायकलच्या डिकीत, पुसायच्या फडक्याखाली सापडली. सगळ्यांना हायसं वाटलं, मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. किल्ली सापडली होती, पण मधल्या चार दिवसांत ती कोणाच्या हातात पडली नाही ना, तिची दुसरी कोणी करून घेतली नाही ना, हे छातीठोकपणे सांगणारं कोणी नव्हतं.

निफाड तालुक्यातली आमची पतसंस्था. द्राक्ष आणि कांदा यांवर चालणारा भाग, त्यामुळे औषधांच्या फवारण्या सुरू झाल्या की सोनेतारण कर्जाला रांग लागते. बायका गळ्यातलं, कानातलं सोडून काउंटरवर ठेवतात. ते पाकिटात सीलबंद होऊन आतल्या खोलीत जातं. तिजोरीला दोन किल्ल्या आहेत, एक माझ्याकडे, एक आप्पांकडे, दोन्ही लागल्याशिवाय ती उघडत नाही. पण त्याच खोलीत पाच लोखंडी कपाटं आहेत, कर्जरोख्यांची. त्यांतले जुने रोखे बाहेर काढले की कितीतरी कागदांवर सहीच्या जागी निळसर काळा अंगठा असतो आणि खाली ‘नि. डा. हा. अं.’ म्हणजे ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ असं कारकुनाच्या अक्षरात लिहिलेलं असतं. माझ्या आजीचा अंगठाही अशाच एका सोसायटीच्या कागदावर मी पाहिला आहे. त्या कपाटांकडे मी कधी रद्दी म्हणून बघू शकले नाही.

लेखापरीक्षकांनी त्याच वर्षी शेरा मारला: आतल्या खोलीत कोण, कधी गेलं याची नोंद नाही. किल्लीचा प्रकार आणि हा शेरा एकत्र आले आणि संचालक मंडळाने ठराव केला की दाराला बोटाच्या ठशाचं यंत्र बसवायचं. आमच्याकडे सगळे त्याला ‘थम’ म्हणतात. जबाबदारी शाखाधिकारी म्हणून माझ्यावर आली.

तीन ठिकाणची दरपत्रकं मागवली. तिघांनीही एकच सांगितलं, बोट ठेवलं की दार उघडतं. मी विचारत होते ते वेगळंच. लाईट गेली तर? आत माणूस असताना यंत्र बंद पडलं तर? यंत्रच कोणी उपटलं तर? एकाने सविस्तर उत्तरं दिली, म्हणून काम त्याला दिलं.

यातली पहिली गोष्ट कुलपाची. अशा दारांना बहुधा चुंबकाचं कुलूप बसवतात. चौकटीवर विजेचं चुंबक, दारावर लोखंडी पट्टी, वीज चालू आहे तोवर दोन्ही घट्ट चिकटलेली. आमचं साधारण २८० किलोंचा ओढा सहन करणारं आहे. म्हणजे वीज गेली की हे कुलूप उघडतं. हे ऐकून अध्यक्ष चमकलेच. पण माणसांचा वावर असलेल्या खोलीला असंच कुलूप हवं, कारण आग लागली, धूर झाला तर आतल्या माणसाला बाहेर पडता आलंच पाहिजे. उलट प्रकारची, वीज गेल्यावर बंदच राहणारी कुलपंही मिळतात, त्यांना आतून हाताने फिरवायची मूठ लागते. आम्ही चुंबकाचं घेतलं आणि त्याला १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासांची बॅटरी जोडली. आतल्या बाजूला हिरवं बटण बसवलं. ते दाबलं की चुंबकाची वीज थेट तुटते, यंत्राला विचारायला जात नाही. यावर मी अडून बसले होते. काम झाल्यावर यंत्र पूर्ण बंद करायला लावून, स्वतः आत उभी राहून मी ते बटण दाबून पाहिलं.

दुसरी गोष्ट मला बसवण्याच्या दिवशी उमगली. तंत्रज्ञ पोरगा हुशार होता, हात भराभर चालत होते. त्याने ठसा घेणारं यंत्र दाराबाहेर भिंतीवर लावलं आणि कुलपाच्या दोन वायरी सरळ त्याच्याच पाठीत जोडल्या. मी विचारलं, “हे चार स्क्रू काढून डबा भिंतीवरून ओढला तर मागे काय दिसेल?” तो क्षणभर थांबला. मग त्याने खरंच डबा काढला, मागच्या दोन वायरींपैकी एक चिमटीत धरून ओढून काढली. टक् असा आवाज झाला आणि दार सैल झालं. बोट नाही, कार्ड नाही, काही नाही. एक स्क्रू ड्रायव्हर असला की पुरे.

त्या आवाजाने माझ्या पोटात गोळा आला. तो पोरगा प्रामाणिक होता, म्हणाला, “मॅडम, हजेरीच्या कामाला असंच लावतात. तुमच्यासारख्या ठिकाणी कंट्रोलर आत पाहिजे.” म्हणजे बाहेरच्या यंत्राने फक्त बोट वाचायचं आणि ‘हा अमुक क्रमांकाचा माणूस’ एवढाच निरोप वायरीवरून आत पाठवायचा. दार उघडायचा निर्णय आणि कुलपाची वायर दोन्ही खोलीच्या आत, कपाटामागच्या पेटीत. बाहेरचा डबा फोडला तरी हाती फक्त निरोपाची वायर लागते. शिवाय डबा भिंतीवरून सुटला की बझर वाजेल असं बटण त्याच्या पाठीला असतं, तेही त्या दिवशीच चालू करून घेतलं. खर्च वाढला, मंडळाची पुन्हा मंजुरी लागली, आठवडा गेला. कोणाकडेही असं यंत्र असेल तर दाराबाहेरच्या डब्यामागे कुलपाची वायर येते का, हे एकदा बघून घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोटाचा ठसा कितीही पक्का असला तरी ती वायर बाहेर असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

मग ठसे घेण्याचा दिवस. सगळ्यात आधी माझं बोट, ‘अ‍ॅडमिन’ म्हणून. हा क्रम महत्त्वाचा, कारण अशा बऱ्याच यंत्रांत अ‍ॅडमिन नेमलेला नसेल तर मेनूचं बटण दाबणारा कोणीही आत शिरून स्वतःचं बोट घालू शकतो. आम्ही अकरा जण. प्रत्येकाची दोन बोटं, एक उजव्या हाताचं, एक डाव्या हाताचं, म्हणजे एकाला विळीने कापलं, पट्टी बांधली तरी दुसरं असतं. तर्जनी किंवा मधलं बोट चांगलं, अंगठा काचेवर वाकडा पडतो. प्रत्येक बोट तीनदा ठेवायचं, आणि टोक नाही, मधला उंचवटा टेकवायचा. लहानपणी आम्ही बहिणी एकमेकींची बोटं धरून कोणाला किती चक्रं, किती शंख ते मोजायचो. तेच चक्र, त्याचा मधला बिंदू काचेच्या मधोमध यायला हवा. आत दिवा असतो. त्वचेच्या रेघा काचेला टेकतात तिथे चित्र काळं येतं, रेघांमधल्या खाचा उजळ राहतात. यंत्र मग कुठे रेघ संपते, कुठे एकीच्या दोन होतात, एवढ्या जागा टिपतं आणि त्यांचा आकड्यांचा साचा करून ठेवतं. पुढच्या वेळी तो साचा जुळवला जातो.

दहा जणांचं काम तासाभरात उरकलं. मग मावशी आल्या.

मावशी आमच्याकडे एकोणीस वर्षं शिपाई आहेत. फरशी पुसणं, चहा, आणि दिवसातून वीस-वीस वेळा आतल्या खोलीतून फाइली आणणं, परत जागेवर लावणं. कोणत्या सालाचा रोखा कोणत्या कप्प्यात हे त्यांना जेवढं ठाऊक आहे तेवढं मलाही नाही. त्यांनी पदराला हात पुसला आणि काचेपासून वीतभर अंतरावर बोट थांबवलं.

“ताई, माझा थम कुठंच लागत नाही. रेशनला दर महिन्याला तीन-तीन खेपा होत्यात. हितं बी नाहीच लागायचा.”

खरंच लागला नाही. उजवी तर्जनी, मधलं, डावी तर्जनी, प्रत्येक वेळी लाल दिवा आणि तो तुटक ‘पीप पीप’. मी त्यांचा हात हातात घेतला. बोटांची टोकं गुळगुळीत होती, रापलेल्या चामड्यासारखी, आणि त्यावर आडव्या बारीक चिरा. आयुष्यभर राखेने आणि तारेच्या घासणीने भांडी घासलेली, फरशीला अ‍ॅसिड मारलेलं. सुट्टीच्या दिवशी त्या द्राक्षबागेत विरळणीला जातात, घड द्रावणात बुडवायच्या डिपिंगला जातात. रेघा होत्या, पण झिजलेल्या, आणि चिरांनी मधेच तोडलेल्या. यंत्राला त्या चिराच रेघा वाटत असणार.

मागे कोणीतरी हसलं. मावशींनी हात पदराखाली घेतला. मी सगळ्यांना जागेवर जायला सांगितलं.

आता तीन सूचना आल्या. तंत्रज्ञ म्हणाला, जुळणीची कसोटी सैल करतो, सगळ्यांची बोटं पटकन लागतील. पण सैल केली की ती दारासाठीच सैल होते, परक्याचं बोट आपलं म्हणून स्वीकारलं जाण्याची शक्यता वाढते. नको म्हटलं. एक कारकून म्हणाला, “मावशींच्या नावावर माझं तिसरं बोट घाला, मी दार उघडून देत जाईन.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मग नोंदवहीत मावशी आत गेल्या असं उमटणार आणि बोट असणार त्याचं. ज्या नोंदीसाठी हा सगळा खर्च केला ती पहिल्याच दिवशी खोटी ठरली असती. एक संचालक फोनवर म्हणाले, मावशींना यातून वगळा, कोणीतरी दार उघडेल. मी त्यांना सांगितलं, वीसदा दुसऱ्याने दार उघडून द्यायचं तर दुपारपर्यंत दाराला वीट लावली जाईल. आणि एकोणीस वर्षं जिच्या हातून एक कागद हरवला नाही तिला दाराशी उभं राहून कोणाला तरी हाक मारायला लावणं मला मान्य नाही.

शेवटी असं केलं. कोमट पाण्यात मावशींची बोटं पाच मिनिटं बुडवली, कोरडी केली, किंचित खोबरेल चोळून पुसून टाकलं. मग दहाच्या दहा बोटं एकेक करून पाहिली. डाव्या हाताची अनामिका आणि उजवी करंगळी, कामात सगळ्यात कमी घासली जाणारी बोटं, त्यांच्यावर रेघा शाबूत होत्या. अनामिकेचं चक्र तर स्पष्ट दिसत होतं. तीनदा ठेवलं, तिन्ही वेळा हिरवा. आणि त्यांच्यापुरतं यंत्र असं लावलं की आधी आपला क्रमांक दाबायचा, मग बोट. म्हणजे यंत्र त्यांचं बोट सगळ्या बावीस साच्यांशी ताडून बघत नाही, फक्त त्यांच्याच साच्यांशी बघतं. अशा एकास-एक जुळणीची कसोटी वेगळी ठेवता येते, इतरांची न बिघडवता. मावशींचा क्रमांक सात. त्यांना आकडे ओळखता येतात. त्या दिवशी त्यांनी पाच वेळा दार उघडून पाहिलं, उगीचच, आत जाऊन परत बाहेर येऊन.

डिसेंबर उजाडला तेव्हा मावशींची अडचण सगळ्यांनाच आली. निफाडची थंडी महाराष्ट्राला माहीत आहे, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला नीचांक रोज पेपरात येतो. पारा पाच-सहा अंशांवर आला की सकाळी दहाला सुद्धा बोटं कोरडी ठक्क असतात, रेघा काचेला नीट टेकत नाहीत, चित्र तुटक येतं. ज्यांना मावशींच्या वेळी हसू आलं होतं ते आता हात चोळून, तोंडाची वाफ देऊन बोट ठेवत होते. उन्हाळ्यात उलटं, घामाने रेघा एकमेकींत मिसळतात. काचेवर तेलाचा थर साचतो, तो मऊ कोरड्या फडक्याने रोज पुसायचा, हे मी कामाच्या यादीतच लिहून टाकलं. लग्नसराईत गडद मेंदी काढून आलेल्या मुलींनाही दोन-चार दिवस त्रास झाला.

पण खरी परीक्षा झाली अवकाळी पावसात. वादळ झालं, संध्याकाळी सहाच्या सुमाराला गावातली डीपी जळाली. वीज आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी ७:५० ला, वेळ मला नक्की आठवते कारण घरची मोटर तेव्हाच सुरू झाली. दहाला शाखा उघडली, काम सुरू झालं. संध्याकाळी नोंदी काढल्या तर दिवसाची पहिली नोंद होती: आप्पा, १ जानेवारी २०००, पहाटे २ वाजून १७ मिनिटं.

आप्पांचा चेहरा उतरला. तेहतीस वर्षांची नोकरी आणि पहाटेची नोंद. मी त्यांना आधी बसवलं, मग कागदावर हिशेब मांडला. वर्ष २००० म्हणजे यंत्राचं घड्याळ पुसलं जाऊन पहिल्यापासून सुरू झालं होतं. ते सुरू कधी झालं? वीज आली तेव्हा, ७:५० ला. त्यात २ तास १७ मिनिटं मिळवली की येतात १०:०७. रोकड काढायला आप्पा रोज त्याच वेळी आत जातात. मुख्य दाराच्या कॅमेऱ्यात ते १०:०२ ला शाखेत शिरताना दिसले. प्रश्न मिटला, आप्पांनी पाणी प्यायलं.

मला मात्र त्याच कागदावर दुसरं काहीतरी दिसलं. घड्याळ पुसलं गेलं याचा अर्थ यंत्राची वीज पूर्ण गेली होती, म्हणजे बॅटरीही संपली होती. कुलूप अर्धा अँपिअर खातं, कंट्रोलर आणि वाचक, म्हणजे बोट वाचणारा बाहेरचा डबा, मिळून ०.३ अँपिअर. बॅटरीच्या ७ अँपिअर-तासांना ०.८ ने भागलं की पावणेनऊ तास. सहाला सुरू झालेली बॅटरी पहाटे पावणेतीनच्या आसपास संपली असणार. आणि चुंबकाला वीज नाही म्हणजे दार उघडं. त्यानंतर पाच तास आमच्या आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. तिजोरी दोन किल्ल्यांनी बंद होती, सोनं सुरक्षित होतं. पण ती पाच कपाटं?

दुसऱ्याच दिवशी दाराला जुनं साधं कुलूपही परत लावलं. दिवसा थम, शाखा बंद करताना थम आणि कुलूप दोन्ही, आणि किल्ली सीलबंद लखोट्यात, सही करून. बॅटरी मोठी बसवली. वाचकाच्या घड्याळातला छोटा सेल बदलला, आणि दर सोमवारी यंत्राची वेळ मोबाईलच्या वेळेशी ताडून वहीत लिहायची असं ठरवलं. ज्याने यंत्र बसवलं त्याने बॅटरी किती तास पुरेल हे सांगितलं नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. लाईट गेली तर काय, असं विचारलं. किती वेळ गेली तर, असं नाही.

ठशांच्या साच्यांचं काय होतं, याबद्दल मला फार काळजी होती आणि आहे. वार्षिक देखभालीला आलेला माणूस म्हणाला, सगळा डेटा पेनड्राइव्हवर घेऊन जातो, आमच्याकडे बॅकअप राहील. मी जाऊ दिला नाही. बॅकअप आमच्या संगणकावर, कुलूपबंद. साचा म्हणजे बोटाचा फोटो नव्हे हे खरं, पण तो माणसाच्या शरीराचा आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही. २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी बोटांच्या ठशांसारखी माहिती संवेदनशील मानली आहे, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डेटा संरक्षणाचा स्वतंत्र कायदाही झाला. आम्ही प्रत्येकाकडून मराठीत संमतीपत्र घेतलं: ठसा फक्त या दारासाठी, आधारशी काही संबंध नाही, नोकरी सोडल्यावर त्याच दिवशी पुसला जाईल. मावशींना मी ते वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सही केली, अंगठा नाही. साक्षरता वर्गात शिकलेली तिरकी सही.

त्याच सुमारास जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उतरवून सिलिकॉनचे ठसे बनवायचे आणि आधारवरून लोकांच्या खात्यातले पैसे काढायचे, असे गुन्हे काही राज्यांत पोलिसांनी उघड केल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या वाचून मी उठून आतल्या खोलीत गेले. पाच कपाटं, चार दशकांचे रोखे, शेकडो अंगठे. ज्यांचे आहेत त्यांतले कितीतरी आज हयात आहेत, त्यांच्या खात्यात अनुदानाचे, पेन्शनचे पैसे येतात. १८५८ मध्ये बंगालमध्ये जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, तो करार मोडू नये म्हणून. पुढे १८९७ मध्ये कोलकात्यात ठशांचं कार्यालय निघालं आणि अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी ठसे लावायची जी पद्धत बसवली ती त्यांचे वरिष्ठ पोलीस अधिकारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली. आपल्याच मातीत हे सगळं सुरू झालं, आणि आपल्याच माणसांचे अंगठे असे कपाटांत पडून आहेत. मी मंडळापुढे विषय ठेवून फिटलेल्या कर्जांचे मुदत संपलेले रोखे नियमाप्रमाणे नष्ट करून घेतले, यंत्रात बारीक तुकडे करून, दोन संचालकांसमोर. बाकीच्या कपाटांना वेगळी कुलपं लावली. ज्या खातेदारांना जमलं त्यांना काउंटरवर बसून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं, अजूनही देतो. गरज पडली की ते तात्पुरतं उघडता येतं, एवढं नीट समजावून सांगावं लागतं, नाहीतर रेशनच्या दुकानात पंचाईत होते.

यंदा मे महिन्यात आप्पा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी पाच वाजता हार-नारळ झाला, सगळे फोटोला उभे राहिले. त्यानंतर आम्ही दोघंच आतल्या दाराशी आलो. मी यंत्रात त्यांचं नाव काढलं, त्यांना दाखवलं, आणि ‘डिलीट’ दाबायच्या आधी विचारलं, दाबू का? ते म्हणाले, “दाबा.” दाबलं. मग त्यांनी सवयीने उजवी तर्जनी काचेवर ठेवली. लाल दिवा लागला. त्यांनी डावी ठेवली. लाल. थोडा वेळ ते तसेच उभे होते. मग खिशातून तिजोरीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि वहीत सही करायला पेन मागितलं. मावशी मागे आल्या होत्या, त्यांनी सात दाबलं, अनामिका टेकवली आणि आप्पांसाठी दार धरून उभ्या राहिल्या.